गुरुवारची पाकिटं

२ ऑगस्ट

चिंगी,

वर 'प्रिय' लिहायचं की नाही, याचा सकाळपासून विचार करते आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, जे मनात नाही ते पत्राच्या माथ्यावर लिहू नये. आणि जे मनात आहे ते लिहायची मला सवय नाही. म्हणून नुसतंच चिंगी. पस्तिशीच्या बाईला हे नाव शोभत नाही, हे मला कळतं. तक्रार असल्यास लेखी कळव.

पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. देताना तिने असा चेहरा केला, जणू मी तिचा दात काढून मागत होते. "ताई, पोरीला त्रास देऊ नकोस गं," म्हणाली. मी म्हटलं, "मी तिची आई आहे, पोलीस नाही." तर म्हणते, "तिला दोन्ही सारखंच वाटतं." धाकट्या बहिणीला साठीनंतर शिंगं फुटतात, हे मला ठाऊक नव्हतं.

पत्राचं कारण अगदी व्यावहारिक आहे. घराला रंग द्यायचा आहे. तुझ्या खोलीत इंजिनिअरिंगची दोन कपाटं पुस्तकं आहेत. ती ठेवायची की कुणाला द्यायची? बाबा गेले तेव्हा तू दोन तास आली होतीस. तेव्हाच विचारणार होते, पण तू सगळा वेळ दाराजवळच्या खुर्चीवर बसून होतीस, आणि चपला पायांतच होत्या.

या पुस्तकांवरची धूळ झटकताना मला राग आला, तो लपवत नाही. शेवटच्या वर्षी चार पेपरांना कोऱ्या उत्तरपत्रिका देणारी विद्यार्थिनी मी नोकरीच्या चौतीस वर्षांत एकच पाहिली, आणि ती परीक्षा विभागाच्या अधीक्षकांची मुलगी निघाली. माझ्याच टेबलावर आल्या त्या. चारी. वर सुवाच्य अक्षरात आसन क्रमांक. मग त्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्गात, चार वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी जाऊन बसलीस, आणि घर सोडून वसतिगृहात राहिलीस. तिथल्या खाणावळीत जेवत नव्हतीस, असं नंतर कानावर आलं. तो तुझा हट्ट. त्यात माझा काही संबंध नव्हता.

मी बरी आहे. दुपारी विद्यापीठात व्याख्यानांना जाते. निवृत्त माणसाने डोकं चालतं ठेवावं.

पुस्तकांचं कळव.

आई


१९ ऑगस्ट

चिंगी,

उत्तर आलं नाही. पुस्तकं आहेत तिथेच ठेवली आहेत. रंगाऱ्याला सांगितलं, ती खोली सोडून दे. "मग ताई, घर अर्धवट दिसेल," म्हणाला. मी म्हटलं, दिसू दे, बघायला कोण येतंय.

मागच्या पत्रात व्याख्यानांविषयी लिहिलं होतं, त्यात थोडी दुरुस्ती आहे. मी तिथे जेवायला जाते.

गैरसमज नको. घरी सगळं आहे. पण एका माणसाचा भात किती टाकायचा, हे मला दोन वर्षांत जमलेलं नाही. मूठभर टाकला तर पातेल्याच्या तळाशी करपतो. जास्त टाकला तर तोच तीन दिवस पुरतो. बाबांच्या खुर्चीसमोर बसून शिळा भात खाववत नाही. एकदा सहज शेवाळावरच्या व्याख्यानाला जाऊन बसले. संपल्यावर बाहेर टेबल मांडलेलं. सँडविच, केक, फळं, कॉफी. चाळीस माणसं उभ्याउभ्या खात होती. एक अनोळखी मुलगी म्हणाली, "घ्या ना, संपेल." इतक्या दिवसांत मला कुणी घ्या म्हटलं नव्हतं. मी घेतलं.

मग रोजच जाऊ लागले. अर्थात पकडले गेले. एक संशोधक बाई आहे, तिशीची, भुंग्यांवर काम करते. सगळे तिला कीटकवाली म्हणतात. केसांत पेन्सिल खोचलेली, पायांत दोन वेगळे मोजे. परवा माझ्या ताटलीत डोकावत म्हणाली, "आजी, तुम्ही सोमवारी जुन्या नाण्यांना होतात, मंगळवारी भूकंपांना होतात, आज कुष्ठरोगाला आहात. तुम्हाला नक्की रस कशात आहे?"

"ज्ञानात. आणि आजी म्हणायचं नाही."

"बरं, मावशी. ज्ञान उजवीकडच्या टेबलावर जास्त आहे. इकडचे सँडविच कालचे आहेत."

नाकाने कांदे सोलत आयुष्य घालवलेल्या बाईवर ही वेळ यावी. पण ती खरंच बोलत होती, इकडचे कोरडे झाले होते. तिच्या सात-आठ जणांचा कंपूच आहे. कुठे, कधी, काय मिळतं, याचं त्यांनी शास्त्र केलं आहे. पाहुणा बाहेरचा असेल तर जेवण, घरचाच असेल तर चहा. उद्घाटनाला केक, समारोपाला भात. गणित विभागात बिस्किटं, पण न चुकता. तत्त्वज्ञानात नुसतं पाणी, "कारण ते लोक स्वतःच दुसरीकडे जेवायला गेलेले असतात."

मी तिला विचारलं, तुम्हाला घरून काही मिळत नाही का? ती हसली. "मिळतं की. फोनवर उपदेश मिळतो." मग ताटलीतला केक कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. सकाळसाठी, म्हणाली. मी बोलणार होते की असा केक बांधून नेणं असभ्य आहे. बोलले नाही. तिची काडीसारखी मनगटं पाहिली.

तुझी मनगटं तशीच होती का तेव्हा? उत्तर द्यायला हवं असं नाही.

आई


११ सप्टेंबर

चिंगी,

आज घाईने लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

काल कीटकवालीने मला एक कागद दिला. कंपूत रीतसर घेतलं म्हणून. "ही आमची घटना, मावशी. प्रतीची प्रत आहे, जरा अंधुक आहे. पण पाळायची कडक."

"कुणी लिहिली?"

"कुणास ठाऊक. आमच्या आधीच्यांच्याही आधीची आहे. आम्ही तिला मूळबाई म्हणतो."

मी चष्मा लावला. चौतीस वर्षं उत्तरपत्रिका हाताळल्यावर बाईला माणसाचा चेहरा विसरता येतो, अक्षर नाही. आणि समास उजवीकडे आखलेला होता. संपूर्ण पानाला, पट्टीने. डावखुरी म्हणून तू समास उजवीकडे आखायचीस. त्यावरून दुसरीत असताना मी तुझी वही फाडली होती, आणि तरी तू तो उजवीकडेच आखत राहिलीस.

नियम वाचले. व्याख्यान पहिल्यापासून ऐकायचं, अर्ध्यात येऊन ताटलीला हात लावायचा नाही. निदान एक प्रश्न विचारायचा, म्हणजे खाल्लेलं कष्टाचं वाटतं. वाढणाऱ्याला नाव विचारायचं. उपाशी आहोत हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. जी आपल्याहून जास्त दिवस उपाशी असेल ती आधी.

मी व्हरांड्यातच बसले. कीटकवाली पाणी घेऊन आली. "साखर कमी झाली का मावशी?" मी म्हटलं, हो.

खाली वारांची यादी होती. सोमवार गणित, मंगळवार ग्रंथालय. आणि गुरुवारपुढे तू लिहिलं आहेस: 'परीक्षा विभाग. फेरतपासणीच्या बैठकीनंतर जेवणाची पाकिटं उरतात, शिपाईकाका मागच्या दाराशी ठेवतात. ताजी असतात. मी दारापर्यंत येणार नाही. सायकल स्टँडपाशी थांबेन. कुणीतरी माझ्यासाठी एक आणा.'

माझा विभाग. माझी बैठक. ती पाकिटं कुठून मागवायची, हेसुद्धा मीच ठरवायचे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुझ्या खाणावळीशी माझा संबंध नव्हता. ते खोटं आहे, आणि ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. खाणावळीच्या अर्जावर पालकाची सही लागते. तू तो अर्ज भरून शिपायाच्या हाती माझ्या टेबलावर पाठवलास. मी त्यावर लाल शाईने शेरा मारला, 'अर्जदार समक्ष हजर नाही', आणि परत पाठवला. नियमाप्रमाणे. मला वाटलं, चिडून का होईना, जिना चढून वर येशील. मी सही करीन, मग दोन शब्द बोलणं होईल. अर्ज पुन्हा आला नाही. बाबा तेव्हा धरणाच्या कामावर बाहेरगावी होते. महिन्यातून एकदा यायचे आणि पहिला प्रश्न हाच करायचे, "पोरीच्या जेवणाचं झालं ना?" मी सांगितलं, झालं. सही केली. दोन वर्षं हेच सांगितलं. ते माझ्यावर विश्वास ठेवून गेले.

आणि सायकल स्टँडपाशी तू उभी असायचीस, हे मला माहीत होतं. मी वरून पाहायचे.

उद्या त्या शिपायाला शोधून काढते. तोपर्यंत पुढचं लिहिता येणार नाही.

आई


२२ सप्टेंबर

चिंगी,

शिपाई सापडला. तोही निवृत्त झाला. त्याच्या सुनेचं कागदांच्या प्रती काढायचं दुकान आहे, तिथे गल्ल्याशेजारी स्टुलावर बसलेला असतो. मला पाहून उठायला लागला, गुडघ्यांनी ऐकलं नाही. मी म्हटलं, बसा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बसा म्हटलं असेल.

आधी मी काय समजत होते ते लिहिते, म्हणजे त्याचं बोलणं तुला कळेल.

तू वसतिगृहात गेल्यानंतरच्या पावसाळ्यात एका गुरुवारी मी खिडकीतून खाली पाहिलं. तू सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभी होतीस. दप्तर छातीशी धरलेलं. अर्धा तास उभी होतीस आणि गेलीस. पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, माफी मागायला येतेस आणि जिन्यापर्यंत येऊन तुझा धीर सुटतो. दुसरं काही माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पोटची मुलगी आईच्या ऑफिसखाली आणखी कशाला उभी राहील?

मी सुखावले, चिंगी. हे लिहायला लाज वाटते, पण गुरुवार आला की मी बरी साडी नेसून जाऊ लागले. शिपायाला बजावलं, खाली कोण उभं असतं ते मला सांगायचं नाही, तिलाही हटकायचं नाही, तिची ती वर येईल.

सहा आठवडे झाले, तू वर येईनास. मग माझ्या लक्षात आलं की मागच्या दाराशी दहा-बारा पोरींचा घोळका असतो. उरलेली पाकिटं न्यायला. मी ठरवून टाकलं की तू त्यांच्यादेखत वर यायला संकोचतेस. चारचौघींत आईपुढे मान खाली घालायची तर लाज वाटणारच, माझीच मुलगी ती. तो घोळका हलायला हवा होता. नुसतं हाकलून पोरी जात नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. म्हणून मी शिपायाला सांगितलं, आजपासून उरलेली पाकिटं उघडायची, त्यावर पाणी ओतायचं आणि टोपलीत टाकायची. दारातच, सगळ्यांना दिसेल असं. म्हणजे यायचं थांबतील.

तुझी वाट मोकळी करण्यासाठी मी हे केलं. एवढं तरी समजून घे.

आता त्याचं ऐक. मी विचारलं, "ती मुलगी तिथे कशाला उभी राहायची?"

"मॅडम, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मी विचारते आहे, तुम्ही सांगा."

"पाकिटासाठी. दुसऱ्या पोरी घ्यायच्या, त्यातलं एक तिला पुढे फाटकाबाहेर द्यायच्या. मी दोनदा स्वतः घेऊन गेलो. घ्यायची नाही माझ्या हातून. म्हणायची, काका, आईला कळलं तर तुमची नोकरी जाईल."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, खाली कोण आहे ते सांगायचं नाही." मग म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनच चाललंय. मोठ्यांच्या घरचं आपण काय बोलणार."

सून आतून ओरडली, "बाबा, पाठपोट की एका बाजूने?" कुठल्या तरी गिऱ्हाईकाचं काम होतं. त्याने तिला हाताने थांब म्हटलं.

"आणि पाणी ओतलंत तो दिवस?"

"त्या दिवशी अठरा पाकिटं उरलेली. भात होता. मी जगमधून पाणी ओतलं. पोरी मला काय काय बोलल्या. एक तर म्हणाली, काका, तुमच्या हाताला काही कसं होत नाही. गेल्या सगळ्या. ती तेवढी राहिली. आधी टोपलीकडे बघत होती, मग वर बघत राहिली. तुमच्या खिडकीकडे."

ते मला माहीत आहे. मी खिडकीतच होते. तू वर पाहिलंस, आणि मला वाटलं, आता येते. मी पडदा सोडला, टेबलावरचे कागद एकाखाली एक लावले, समोरची खुर्ची जरा ओढून ठेवली, तुला बसायला. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. आधी पाणी विचारायचं, मग घरी कधी येतेस म्हणायचं. बाकी कशाचा विषय काढायचा नाही. अर्जावर सही करायला पेनही उघडून ठेवलं होतं.

साडेपाच वाजता पडदा सारला तेव्हा स्टँड रिकामं होतं. त्यानंतर तू कधी तिथे दिसली नाहीस. दारापर्यंत येऊन पाठ फिरवलीस, असा मी अर्थ काढला. चौदा वर्षं तो राग उराशी धरून बसले. तुझ्या पदवीदानाला मी त्याच रागाने आले नाही. बाबांच्या वेळी तुला राहा म्हटलं नाही, तेही त्याच रागाने.

आणि तू खालून काय पाहिलंस? तुझ्यासमोर अन्नावर पाणी ओतलं गेलं, तू वर पाहिलंस, आणि आईने पडदा सोडला.

शिपाई रडला, चिंगी. मी रडले नाही. मी त्याला म्हटलं, तुमची चूक नाही, हुकूम माझा होता. निघताना त्याने विचारलं, "ताईंचं बरं चाललंय ना?" मी म्हटलं, बियाण्यांच्या संग्रहालयात मोठ्या हुद्द्यावर आहे. तुझ्याविषयी मला एवढंच सांगता आलं, आणि तेही मावशीकडून कळलेलं.

आई


६ ऑक्टोबर

चिंगी,

काल मावशी आली होती. चहा घेतला, नव्या रंगाला नावं ठेवली. शेवटी मी म्हटलं, बोल काय ते. तेव्हा बोलली. माझी पत्रं तुला पोचतात. तू ती न फोडता खणात ठेवतेस. चारी तशीच आहेत.

म्हणून हे कार्ड. हे फोडावं लागत नाही. सिस्टर म्हणायच्या, घरचं उघड्या कार्डावर लिहिणं असभ्यपणाचं असतं, पोस्टमन वाचतो. वाचू दे त्याला. तुझ्या शेजाऱ्यांनाही वाचू दे.

पाकिटांवर पाणी ओतायला मी सांगितलं होतं. तू त्यांच्यासाठी उभी होतीस हे मला कळलं नाही. मला वाटलं, माझ्यासाठी आली आहेस.

माफी मागत नाही. ती मागायला मी जिना चढून तुझ्याकडे यायला हवं. तू ये म्हणालीस तर येईन, नाही म्हणालीस तर नाही. फक्त एवढं कळव, मावशीला सांगितलंस तरी चालेल: त्या गुरुवारी तू कुठे जेवलीस?

आई